पाच चाळीसची बस

शाळा सुटते तीनला, तेव्हाच्या बसगाड्या दुसऱ्या.
माझी ही मागे राहिलेल्यांची:
गणितात अडकलेल्यांची, निबंध खोडून परत लिहिणाऱ्यांची,
घरी इंटरनेट नाही म्हणून ग्रंथालय बंद होईतो
रेडिएटरला पाठ लावून बसणाऱ्यांची.
साउथ डकोटात जानेवारीत पाच चाळीसला रात्रच असते.
मी इंजिन चालू ठेवून थांबते.

कोण कशात कच्चं आहे, मला चढण्यावरून कळतं.
रसायनवाले गप्प.
बीजगणितवाले काचेवरच्या वाफेत बोटानं
काहीतरी सोडवत राहतात,
क्ष एकीकडे, बाकी सगळं जग दुसरीकडे.
खोली एकशे चौदामधले ट्वेट सर
त्यांना चीज-बिस्किटांचे पुडे देतात. ते म्हणतात,
उपाशी पोरगं हातचा धरायला विसरतं.
चुरा माझ्या बसमध्ये सांडतो. झाडते मी. असू दे.

त्या मंगळवारी वजा एकोणतीस होतं.
मुलांच्या मागून एक बाप आला,
टर्कीच्या कारखान्यातले पांढरे गमबूट अजून पायात,
छातीशी निळी फाइल.
गाडीची बॅटरी मेली, असं त्यानं हातांनी सांगितलं.
नियम स्वच्छ आहे: मोठ्या माणसांना बसमध्ये घ्यायचं नाही.
मी आरशात बघितलं, मग बाहेर बघितलं,
मग दार लावून घेतलं, तो आत असताना.

त्याची लेक, नॉ वा पॉ, अकरावीची,
तडक शेवटच्या बाकावर गेली, टोपी डोळ्यांपर्यंत.
तो तिसऱ्या बाकावर. गुडघे पुढच्या पाठीला टेकलेले.
आज समुपदेशक बाईंकडे त्याची वेळ होती,
फोनवर दुभाषी, कुठल्यातरी लांबच्या शहरातून,
कारेन भाषेत कॉलेजच्या मदतीचा अर्ज समजावणारी.
वीस मिनिटांनी फोन कटला.
एक रकाना राहिला.

तो त्यानं मला दाखवला, लाल सिग्नलला.
कुटुंबात माणसं किती?
मी बोटं वर केली, म्हणजे मोज.
तो मोजू लागला, स्वतःशी, त्याच्या भाषेत,
आणि मोजतच राहिला.
घरातली झाली. मग खिडकीबाहेर बोट,
ती दूरची, छावणीत राहिलेली असावीत.
मग बोट खाली, बसच्या फरशीकडे, दोनदा.
मला सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही.
मागचा ट्रक ओरडला.

रूळ आले.
रुळांपाशी शाळेच्या बसनं थांबायचंच,
पंखा बंद करायचा, दार उघडायचं, ऐकायचं.
तीस वर्षं ऐकतेय. बहुतेक वेळा काही नसतं,
थंडी तेवढी आत येते.
मुलंही गप्प होतात, सवयीनं.

त्या शांततेत ती मागून चालत आली.
चालत्या बसमध्ये उठायला मनाई आहे, पण बस उभी होती.
बापाशेजारी टेकली, टोपी काढली,
आणि त्याच्याशी काहीतरी बोलली, मग माझ्याकडे बघून,
मी विचारलं नसताना, इंग्रजीत:
"सहा. मी सांगितलं, अर्जाला फक्त इथली कळतात."
त्यानं सहा लिहिला.
आकडा छोटा काढला,
बाजूला जागा सोडून.

दार लावलं. पंखा चालू केला.
धान्याच्या कोठारापाशी दोघं उतरले,
ती पुढे, फाइल आता तिच्या हातात,
तो तिच्या पावलांवर पाय ठेवत, बर्फ खोल होता म्हणून.

रात्री नोंदवहीत प्रवासी लिहायचे असतात.
वर्षाअखेर त्याच आकड्यांवर ठरतं
ही बस पुढे चालवायची की नाही.
मी लिहिलं: बारा. रोज अकरा असतात.
शुक्रवारी ऑफिसातून फोन आला:
डार्लीन, बारावा विद्यार्थी कोण? इयत्ता लिहिलेली नाही.
मी म्हटलं, नवीन आहे,
अजून ठरायची आहे.